पुनर्रचनेचा हिशेबनीस : चिंतामणराव देशमुख

आमच्या तिलकनगरातून सायंकाळी फेरफटक्यास निघाले आणि पावले राजापार्ककडे वळली, की मन हटकून पाऊणशे वर्षे मागे जाते. राजापार्क आणि आदर्शनगर या आज गजबजलेल्या वस्त्यांत १९४७ च्या फाळणीने घरदार गमावून आलेली पंजाबी व सिंधी कुटुंबे येऊन राहिली. दुकानाच्या गल्ल्यावर आता नातवंडे बसतात, तथापि एखाद्या वृद्धाच्या बोलण्यात मुलतानकडील वळण अद्याप कानी येते. उद्ध्वस्त झालेली माणसे पुन्हा उभी राहिली, ती मुख्यतः स्वतःच्या हिमतीवर. परंतु त्या हिमतीच्या पाठीशी कोठून तरी पैसा आला होता, तो कोणीतरी मोजून दिला होता, आणि दिल्यानंतर तो कोठे गेला हे कोणीतरी पाहिले होते. या तिसऱ्या कामाची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर मराठी पुरुषाचे चरित्र लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा शिवराय आणि टिळक यांची नावे अधिकारी लेखकांनी आधीच घेतलेली होती. आमची हयात केंद्र सरकारच्या सेवेत दुसऱ्याने खर्च केलेल्या पैशाचे हिशेब तपासण्यात चालली आहे. तेव्हा आमच्या धंद्यातला थोर माणूस शोधू जाता एकच नाव पुढे आले, चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी राजीनामा देणारे अर्थमंत्री म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. महायुद्धाने पोळलेल्या देशांची पुनर्रचना कोणत्या पैशाने व्हावी आणि त्या पैशावर देखरेख कोणी व कशी ठेवावी, याचे नियम ज्या परिषदेत ठरले तेथे हा रोह्याचा माणूस बसलेला होता, ही गोष्ट मात्र मराठी घरांतून फारशी सांगितली जात नाही.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी, ऐन मकरसंक्रांतीच्या सुमारास, महाडजवळील नाते या गावी झाला. रायगडच्या वाटेवरचे हे गाव. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकिली करीत. बालपण गेले रोह्यास. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी विषय घेतले ते वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. १९१७ साली पदवी घेताना वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांच्याकडे आले. अर्थशास्त्राची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही, हे आमच्यासारख्या साध्या बी.ए. झालेल्या माणसास मोठेच दिलासादायक वाटते. १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेतही त्यांचाच पहिला क्रमांक लागला.

त्याच सुमारास चिरोल खटल्याच्या निमित्ताने लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. तरुण चिंतामणराव त्यांना जाऊन भेटले, सरकारी नोकरी सोडून देशकार्यात पडावे काय असे त्यांनी विचारले, आणि राज्यकारभाराचा अनुभव उद्याच्या स्वतंत्र देशास लागणारच आहे, तो घेऊन ठेवा, असा सल्ला त्यांना मिळाला, अशी हकीकत मराठी मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आमच्या वसाहतीच्या पाटीवर टिळकांचे तिलक झालेले आहेत. पण ही हकीकत आम्हा सरकारी नोकरांना त्या पाटीखालून जाताना थोडा धीर देते खरी.

पुढील सुमारे वीस वर्षे त्यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडात काढली. जमाबंदीचे काम, जिल्ह्याचा कारभार, प्रांताच्या अर्थखात्याचे सचिवपद असा तो प्रवास होता. १९३१ साली लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले. या वर्षांतील जमाबंदीच्या कामाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. जमाबंदी करणारा अधिकारी कचेरीत बसून काम उरकू शकत नाही. शिवारात जाऊन जमिनीचा कस, विहिरीचे पाणी, मागील वर्षांची पिके आणि रयतेची ऐपत पाहावी लागते. आणि त्यानंतर जो आकडा तो लिहील तो पुढे कित्येक वर्षे हजारो कुटुंबांच्या डोक्यावर राहतो. कागदावरील आकडा आणि बांधावरील वस्तुस्थिती यांची गाठ घालण्याची सवय चिंतामणरावांस येथे लागली असावी, असे आमचे अनुमान आहे.

जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि दोनच महिन्यांत दुसरे महायुद्ध पेटले. बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव, १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर, आणि सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर, अशा पायऱ्या ते चढले. हे साल आठवावे. बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे मरत होती, भाव भडकले होते, आणि जपानी फौजा ब्रह्मदेश घेऊन पूर्व सीमेवर येऊन ठेपल्या होत्या. त्या ब्रह्मदेशाचे चलनही रिझर्व्ह बँकेच्याच जबाबदारीत होते. युद्धासाठी हिंदुस्थानातून धान्य, कापड, ताग, पोलाद असा माल जात होता आणि त्याच्या मोबदल्यात लंडनमध्ये आपल्या नावे स्टर्लिंगचे आकडे मांडले जात होते. युद्ध संपता संपता ही शिल्लक सुमारे सतराशे कोटी रुपयांवर गेली. जो देश युद्धापूर्वी इंग्लंडचा ऋणको होता तो आता धनको बनला होता. धनकोच्या घरात मात्र खायला अन्न नव्हते.

अशा स्थितीत जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात ब्रेटन वुड्स येथे चव्वेचाळीस राष्ट्रांची परिषद भरली. १ जुलैपासून २२ जुलैपर्यंत, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या माउंट वॉशिंग्टन नावाच्या प्रचंड हॉटेलात ती चालली. युरोपात अजून लढाई सुरू होती. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरून महिनाही झाला नव्हता. आणि येथे ही मंडळी युद्धानंतरच्या जगाचा जमाखर्च मांडीत होती. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे प्रमुख अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन हे इंग्रज होते. त्यांच्यासह सर थिओडोर ग्रेगरी, सर षण्मुखम चेट्टी, मुंबईचे अर्देशीर श्रॉफ आणि चिंतामणराव. देश परतंत्र होता, शिष्टमंडळाचा पुढारी राज्यकर्त्यांपैकी होता, आणि ज्या इंग्लंडकडून आपले येणे होते त्याचे प्रतिनिधित्व लॉर्ड केन्स करीत होते. ही अडचण लक्षात घेतल्याखेरीज तेथे आपल्या माणसांनी काय मिळविले याचे मोल कळणार नाही.

परिषदेपुढे दोन संस्थांचे आराखडे होते. एक आंतरराष्ट्रीय नाणेनिधी; दुसरी आपण आज जागतिक बँक म्हणतो ती. या दुसऱ्या संस्थेचे पूर्ण नाव पुनर्रचना व विकास यांसाठीची आंतरराष्ट्रीय बँक असे आहे, आणि त्या नावातच एका वादाचा इतिहास दडलेला आहे. बाँबहल्ल्यांनी जमीनदोस्त झालेली युरोपातील शहरे, फुटलेले पूल, उखडलेले रूळ नव्याने उभारण्याची निकड कोणीच नाकारीत नव्हते. परंतु ज्या देशांत मुळात पूल आणि रूळ पुरेसे झालेच नव्हते त्यांनी काय करावे? हिंदुस्थान, मेक्सिको आणि इतर दक्षिणेकडील राष्ट्रांचे म्हणणे असे, की युद्धाने झालेली हानी भरून काढणे आणि दारिद्र्याने झालेली हानी भरून काढणे ही दोन्ही कामे एकाच तराजूत तोलली पाहिजेत. बँकेच्या घटनेत अखेर असे कलम आले, की पुनर्रचनेच्या आणि विकासाच्या योजनांना समन्यायाने वागविले जावे. आज त्या कलमाचे नवल वाटत नाही. पण पुढे आपल्या देशात जागतिक बँकेच्या कर्जातून जे जे उभे राहिले त्याचे दार या कलमाने उघडले.

सर्वच लढाया जिंकता आल्या असे नव्हे. लंडनमध्ये अडकलेल्या स्टर्लिंग शिल्लकेचा काही भाग तरी नाणेनिधीच्या द्वारे मोकळा व्हावा, ही आपली मागणी फेटाळली गेली. तो इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधील घरगुती प्रश्न आहे असे सांगण्यात आले. बँकेत लाखो जमा असून टॅक्सीच्या भाड्याला खिशात पैसा नाही अशा माणसासारखी आपली गत आहे, अशा आशयाचे श्रॉफ यांचे भाषण त्या वेळी बरेच गाजले. नाणेनिधीत मात्र हिंदुस्थानचा वाटा चाळीस कोटी डॉलर, म्हणजे अमेरिका, इंग्लंड, रशिया, चीन आणि फ्रान्स यांच्या खालोखाल सहावा ठरला. पुढे रशिया सदस्य झालाच नाही; पहिल्या पाचांत येऊन आपल्याला संचालक मंडळावर स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क मिळाला. परतंत्र देशाला मिळालेले हे आसन स्वतंत्र भारताच्या आयते उपयोगी पडले.

आता आम्ही आमच्या आवडीच्या विषयाकडे वळतो. बँकेच्या घटनेच्या तिसऱ्या भागात देखरेखीसंबंधी काही नियम आहेत. सामान्य वाचक ते वाचण्याच्या भानगडीत पडणार नाही आणि त्याने पडूही नये. परंतु हिशेबतपासनिसास त्यांची गोडी एखाद्या अभंगासारखी वाटते. कर्ज ज्या कामासाठी दिले त्याच कामावर ते खर्च झाले पाहिजे, याची व्यवस्था बँकेनेच करावयाची. ती करताना काटकसर आणि कार्यक्षमता पाहावयाची, राजकीय किंवा आर्थिकेतर बाबींचा विचार करावयाचा नाही. कर्जाची रक्कम एकदम हाती ठेवावयाची नाही. ऋणकोच्या नावे खाते उघडावयाचे, आणि खर्च प्रत्यक्ष होत जाईल तसतशी त्यातून उचल द्यावयाची. आमच्या कचेरीतील उपयोगिता प्रमाणपत्राचा हा थोरला भाऊच म्हणावयाचा.

या नियमांची पहिली परीक्षा फ्रान्समध्ये झाली. फ्रान्सने पन्नास कोटी डॉलर मागितले होते. ९ मे १९४७ रोजी बँकेने पंचवीस कोटी मंजूर केले. बँकेच्या इतिहासातील हे पहिले कर्ज. कोळसा, तेल, आगगाडीची इंजिने, मालवाहू जहाजे, पोलाद गिरणीची यंत्रे यांसाठी ते होते. बँकेची माणसे पॅरिसमध्ये बसून बिले व पावत्या तपासू लागली, आणि विकत घेतलेला माल ठरल्या जागी पोहोचून वापरात आला की नाही हेही पाहू लागली. नेपोलियनच्या वंशजांना परक्या कारकुनांनी पावत्या विचाराव्या, हे त्या अभिमानी राष्ट्राला रुचले असेल असे वाटत नाही. शिवाय, राजकारण पाहू नये या नियमाविषयीही शंका घेण्यास जागा होती. कर्जावर सह्या होण्याच्या चारच दिवस आधी फ्रान्सच्या मंत्रिमंडळातून कम्युनिस्ट मंत्र्यांना वगळण्यात आले होते आणि हा निव्वळ योगायोग मानणारे थोडेच आढळतात. त्याच वर्षी हॉलंड, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग यांना कर्जे मिळाली. चारही देशांची मिळून रक्कम पन्नास कोटी डॉलरांच्या किंचित आत भरते. पुढच्याच वर्षी अमेरिकेची मार्शल योजना सुरू झाली, तिने चार वर्षांत सुमारे तेराशे कोटी डॉलर युरोपात ओतले, आणि बँकेच्या नावातील पुनर्रचना हा शब्द मागे पडून विकास हा शब्द पुढे आला. ब्रेटन वुड्स येथे ज्यांनी त्या शब्दासाठी आग्रह धरला त्यांची दूरदृष्टी अशी तीन-चार वर्षांतच प्रत्ययास आली.

येथे स्वतःविषयी दोन शब्द लिहिण्याची परवानगी वाचक देतील अशी आशा आहे. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका दूरच्या जिल्ह्यात अवर्षण निवारणाच्या कामांची तपासणी आमच्याकडे आली होती. फायलीत सर्व काही यथासांग होते: अंदाजपत्रक, मोजमाप वही, पावत्या, प्रमाणपत्र. विहीर मात्र जागेवर नव्हती. ज्या गावकऱ्याने आम्हांस ती कोरडी जागा दाखविली त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तुम्ही आता कशाला आलात, एवढेच त्याच्या नजरेत होते. तपासणी वर्षभर आधी झाली असती तर त्याला पाणी मिळाले असते. तेव्हापासून तपासनिसाचा उपद्रव मानणाऱ्या मंडळींशी आम्ही वाद घालीत नाही, त्यांना ती जागा सांगतो. चिंतामणरावांच्या चरित्राकडे आम्ही ओढले गेलो ते यामुळेच.

मोडलेल्या देशाचा हिशेब सांभाळण्याचा प्रसंग चिंतामणरावांवर परदेशात येण्याआधी घरीच आला. १९४७ च्या ऑगस्टात एका देशाचे दोन देश झाले, पण चलन एकच राहिले. ठरले असे, की नव्या पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक उभी राहीपर्यंत त्याही देशाचे चलन रिझर्व्ह बँकेनेच पाहावे. मुदत सप्टेंबर १९४८ अखेरपर्यंत होती, ती पुढे जूनअखेरवर आणली गेली. पाकिस्तान सरकारचे नाव छापलेल्या हिंदुस्थानी नोटा आपल्या नाशिकच्या छापखान्यातून निघाल्या, हे आज सांगितले तर तरुणांस खरे वाटणार नाही. एकमेकांची गावे जळत होती, काश्मीरमध्ये युद्ध सुरू झाले होते, आणि मुंबईत बसलेला गव्हर्नर दोन्ही सरकारांचा कोषाध्यक्ष होता. रोख शिलकेपैकी पाकिस्तानच्या वाट्याचे पंचाहत्तर कोटी ठरले. त्यातील वीस आधीच दिले होते, पंचावन्न कोटी काश्मीरच्या प्रश्नामुळे भारत सरकारने रोखले, आणि गांधीजींच्या उपोषणानंतर १५ जानेवारी १९४८ रोजी ते देण्याचा निर्णय झाला. या सर्व काळात कराचीतून रिझर्व्ह बँकेवर पक्षपाताचा आरोप होत राहिला. तरीही मालमत्तेची वाटणी पार पडली, १ जुलै १९४८ रोजी पाकिस्तानची स्टेट बँक सुरू झाली, आणि भाऊबंदकीच्या वाटणीत एकाने दोन्ही घरांच्या वह्या लिहाव्यात असे हे दुर्मीळ काम संपले. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले व त्याच वर्षीच्या जूनअखेर चिंतामणराव गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. पत्नी रोझिना यांचे निधनही याच वर्षी झाले.

लगेच पंडित नेहरूंनी त्यांना अमेरिका व युरोपसाठी खास आर्थिक राजदूत नेमले. याच सुमारास भारत स्वतः जागतिक बँकेचा ऋणको बनला. ऑगस्ट १९४९ मध्ये रेल्वेसाठी तीन कोटी चाळीस लाख डॉलरांचे कर्ज मिळाले, आशिया खंडाला बँकेने दिलेले हे पहिलेच कर्ज. युद्धाच्या सहा वर्षांत आपल्या आगगाड्या फौजा आणि दारूगोळा वाहून जर्जर झाल्या होत्या. त्यांच्यासाठी इंजिने, बॉयलर आणि सुटे भाग या कर्जातून आले. त्या अर्थी ते युद्धोत्तर पुनर्रचनेचेच कर्ज होते, फक्त जखम युरोपाबाहेरची होती. सप्टेंबरात एक कोटी डॉलर मिळाले ते शेतीसाठी. मध्य भारतात कांस नावाच्या तणाने लाखो एकर जमीन पडीक पाडली होती. त्याची मुळे इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराचे तेथे काही चालत नाही. ट्रॅक्टर आणून ती जमीन खोल नांगरण्याचा हा कार्यक्रम होता. मध्यप्रांतात जमाबंदीची कामे केलेल्या आणि केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक घेतलेल्या या गृहस्थास कांसाची ओळख वॉशिंग्टनमधील कोणी करून देण्याची गरज नव्हती. एप्रिल १९५० मध्ये दामोदर खोऱ्यासाठी तिसरे कर्ज आले.

बँकेचे पथक आपल्या देशात येऊन वह्या पाहू लागले तेव्हा देशाभिमानी मंडळींस ते झोंबले. नुकतेच स्वातंत्र्य मिळालेले. कालपर्यंत इंग्रज साहेब वह्या पाहात होता, आज अमेरिकन पाहणार काय, हा प्रश्न रास्तच होता. चिंतामणरावांची स्थिती येथे इतरांहून वेगळी होती. १९४६ पासून १९५६ पर्यंत ते बँकेच्या व नाणेनिधीच्या गव्हर्नर मंडळांवर भारताचे प्रतिनिधी होते. फ्रान्स आणि हॉलंड यांना लागू झालेले नियम ज्या संस्थेचे होते तिच्या मालकांपैकी आपण एक आहोत, तेव्हा तेच नियम आपल्यालाही लागू होणार, अशी ही भूमिका होती. सप्टेंबर १९५० मध्ये दोन्ही संस्थांची संयुक्त वार्षिक सभा पॅरिसमध्ये भरली आणि तिचे अध्यक्षस्थान भारताचे अर्थमंत्री या नात्याने चिंतामणरावांकडे आले. ज्या शहरात बँकेच्या माणसांनी पहिली पावती तपासली तेथेच ऋणको देशाचा मंत्री अध्यक्ष म्हणून बसला.

कारण मधल्या काळात, जॉन मथाई यांच्या राजीनाम्यानंतर, १ जून १९५० पासून ते केंद्रीय अर्थमंत्री झाले होते. त्यापूर्वी नियोजन आयोगाच्या पहिल्या सदस्यांत त्यांचा समावेश होता. १९५२ च्या निवडणुकीत ते आपल्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले. १९५३ साली दुर्गाबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्याही नियोजन आयोगाच्या सदस्य. त्यांच्या मंत्रिपदातील इतर कामे, म्हणजे पहिली पंचवार्षिक योजना, १९५५ साली इम्पीरियल बँकेची झालेली स्टेट बँक, १९५६ साली आयुर्विमा धंद्याचे राष्ट्रीयीकरण, वाचकांस ठाऊकच आहेत, म्हणून त्यांचा विस्तार करीत नाही. निर्वासितांच्या पुनर्वसनाचा खर्च मात्र या प्रत्येक अंदाजपत्रकात आहे. लहान धंदा उभारू पाहणाऱ्या विस्थापितांस कर्जे देण्यासाठी १९४८ च्या कायद्याने पुनर्वसन वित्त प्रशासन नावाची संस्था स्थापन झालेली होती. ती धर्मादाय नव्हती. कर्ज घ्यावयाचे, धंदा करावयाचा, आणि फेडावयाचे. राजापार्कच्या बाजारातून जाताना आम्हांला त्या संस्थेची आठवण होते.

जुलै १९५६ मध्ये चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याचा घाट हे त्याचे मुख्य कारण, आणि मराठी माणूस ते कधी विसरलेला नाही. दुसऱ्या एका कारणाकडे मात्र आमच्या धंद्याच्या दृष्टीने आम्ही बोट दाखवू. मुंबईत पोलिसांच्या गोळीबारात माणसे मारली गेली होती. त्याची न्यायालयीन चौकशी व्हावी ही मागणी सरकारने मानली नाही, याचा विषाद त्यांनी लोकसभेत उघड बोलून दाखविला. जो माणूस परक्या संस्थेच्या तपासनिसांना आपल्या सरकारच्या वह्या दाखवीत होता, त्याला आपल्याच सरकारने आपल्याच नागरिकांवर चालविलेल्या गोळ्यांचा हिशेब नाकारावा हे कसे पटावे?

त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे संस्थापक-अध्यक्ष अशी कामे त्यांनी केली. १९५९ साली शासकीय सेवेसाठीचा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वर्षी त्यांनी एक सूचना केली आणि तिने दिल्लीत खळबळ उडाली. मंत्री व उच्चपदस्थ यांच्यावरील भ्रष्टाचाराच्या तक्रारी ऐकण्यासाठी एक स्थायी, स्वतंत्र न्यायाधिकरण नेमावे, आणि ते नेमल्यास काही प्रकरणे आपण स्वतः त्याच्यापुढे मांडू, असे त्यांचे सांगणे होते. पंडितजींनी ती सूचना स्वीकारली नाही. लोकपालाचा कायदा संसदेने केला तो २०१३ साली, आणि पहिल्या लोकपालांची नेमणूक झाली ती २०१९ च्या मार्चमध्ये. मधे साठ वर्षे गेली.

१९६९ साली ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले. १९७५ साली पद्मविभूषण मिळाले. संस्कृतची आवड अखेरपर्यंत टिकली. मेघदूताचा मराठी अनुवाद त्यांनी पूर्वीच केला होता आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली होती. उतारवयात पतिपत्नी हैदराबादेस राहात. १९८१ च्या मे महिन्यात दुर्गाबाई गेल्या, आणि २ मे १९८२ रोजी चिंतामणराव. त्यांच्या नावाची एक संस्था ठाण्याच्या महानगरपालिकेने चालविली आहे. प्रशासकीय सेवेच्या परीक्षेस बसणारी मराठी मुले तेथे अभ्यास करतात. आमच्या मंडळातील एक मुलगी यंदा त्या परीक्षेची तयारी करीत आहे. तिला हिशेबाचा विषय कंटाळवाणा वाटतो असे कळल्यामुळे हा लेख आम्ही किंचित लांबविला आहे.